प्रकृती तीन ठिकाणी तपासली, तीन उत्तरं आली

जांबोटीची लेक

नमस्कार मंडळी. दिवाळीपासून हे लिहायचं मनात होतं. आपल्या बेळगाव भागात हल्ली घरटी एक तरी माणूस "मी पित्ताची", "ह्याची वात प्रकृती" असं सांगताना भेटतो. प्रकृती म्हणजे आयुर्वेदातली, वात-पित्त-कफ या तीन दोषांपैकी जन्मापासून कुणाचा जोर आहे ती. मीही सांगायचे. मधल्या काळात जे झालं त्यातून माझी समजूत पार बदलली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माहेर जांबोटीकडचं, सासर टिळकवाडीत. वय ३८, पतसंस्थेत हिशेबाचं काम. दोन वर्षांपूर्वी सासरे अंथरुणाला खिळले. चार महिने मी आणि नवरा आळीपाळीने रात्री जागलो. ते गेले, पण माझी झोप काही परत आली नाही. रात्री दोनला जाग यायची ती पहाटेपर्यंत. छातीत जळजळ, फणीत केसांचे पुंजके, टाचांना भेगा, आणि मुलीवर उगाच खेकसणं.

एका मैत्रिणीने फोनवर प्रश्नावली पाठवली. ती भरली तर उत्तर आलं पित्त. जळजळ आहे का, हो. केस गळतात का, हो. राग येतो का, हो. मग दुसरं काय येणार? त्यानंतर शहरातल्या एका केंद्रात गेले. नाव लिहीत नाही. दहा मिनिटांत त्यांनी वात सांगितला आणि सहा हजारांची चूर्णं-तेलं पिशवीत भरून दिली. तीन महिने घेतली. झोप होती तिथेच राहिली, वर पोट बिघडलं ते वेगळंच.

शेवटी नणंदेने तिच्या ओळखीच्या एका वैद्यबाईंकडे नेलं. त्यांनी आधी मला जिन्यावरून खाली जाऊन परत वर यायला लावलं आणि चाल बघितली. मनगट धरलं, कोपराचं हाड चाचपलं, नखं उजेडात धरून पाहिली, दात बघितले. मी आपली जळजळीचं सांगायला लागले तर म्हणाल्या, "ते लिहून घेतलंय. आता मला आठ वर्षांची मुलगी सांगा." मला काही नीट आठवेना. तर म्हणाल्या, "आई आहे ना? लावा फोन."

आईला स्पीकरवर घेतलं. आई म्हणाली, "ही? हिला शाळेला उठवायचं म्हणजे तांब्याभर पाणी लागायचं बाई. एकदा झोपली की दाराशी ढोल वाजवा. भूक लागली म्हणून रडली असं मला आठवत नाही, जेवायला हाका मारून आणायची मी. केस असे दाट, दोन वेण्या हातात मावायच्या नाहीत. पाढे उशिरा आले, पण आले ते अजून विसरली नसेल. रुसली की दोन दिवस बोलायची नाही. पावसाळाभर नाक गळायचं."

वैद्यबाई लिहीत होत्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ती मुलगी मीच होते आणि मी तिला पार विसरून गेले होते.

त्यांनी कफप्रधान सांगितलं, थोडा वाताचा अंश. जळजळ, जागरण, भेगा हे सगळं त्यांच्या वहीत दुसऱ्या पानावर होतं, 'विकृती' म्हणजे नंतर झालेला बिघाड म्हणून. आणि औषध द्यायच्या आधी रक्त तपासायला पाठवलं. हिमोग्लोबिन नऊच्या खाली निघालं. केसगळती आणि थकव्याचं एक कारण तिथेच सापडलं.

मला एवढंच म्हणायचंय. मी दोन्ही ठिकाणी गेल्या दोन वर्षांची उत्तरं दिली होती आणि ती जन्माची म्हणून धरली गेली. तुमच्याकडे कुणी प्रकृती तपासून घेतलीय का? कशी विचारली? मनापासून लिहा.

वखारीपलीकडे, निपाणी

ताई, वाचताना माझी आई डोळ्यांसमोर आली. तिने तीस वर्षं तंबाखूच्या वखारीत काम केलं. आता वय ६१. हात खरखरीत, सांधे कटकट वाजतात, झोप चार तास. २६ नोव्हेंबर २०२४ ला सरकारचं देशभराचं प्रकृती परीक्षण अभियान सुरू झालं ना, त्यात एक कोटीहून जास्त लोकांची नोंद झाली. आमच्या गल्लीतही मोबाइल घेऊन मुलं आली होती. चांगली होती, घाई न करता विचारत होती. पण प्रश्न ती कन्नड-हिंदी मिसळून विचारायची आणि आई मराठीत उत्तर द्यायची.

"तुमची प्रकृती बघायला आलोय" म्हटल्यावर आई म्हणाली, "बरी आहे की. गुडघे तेवढे दुखतात."

आपल्याकडे प्रकृती म्हणजे तब्येतच की! पत्रात 'प्रकृतीस जपणे' लिहायचो आपण. आमच्या कन्नड शेजारीण 'आराम अदीरी?' विचारतात, त्यात प्रकृती शब्दच नसतो. पुढे त्वचा कशी, झोप कशी, या सगळ्यावर आईने आजचं सांगितलं. वात आला. तीस वर्षं वखारीची धूळ, उकिडवं बसणं आणि वय, यातून वात दिसणार नाही तर काय? पण ती लहानपणी कशी होती हे सांगायला आता आजी नाही, मामा नाही. अशा माणसाची प्रकृती कळायची तरी कशी?

वैद्य अनगोळ

नमस्कार. मी आयुर्वेदाची वैद्य आहे, बावीस वर्षं प्रॅक्टिस. (जांबोटीच्या ताईंच्या वैद्यबाई मी नव्हे.) निपाणीच्या ताईंचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, त्याच्याकडे येते. आधी थोडं मुळातलं सांगते.

गर्भ राहताना स्त्रीबीज-पुरुषबीजात जो दोष जोरात असतो त्यावर प्रकृती ठरते असं सुश्रुत त्यांच्या ग्रंथातल्या शारीरस्थान या भागात सांगतात. आयुर्वेदाचे दुसरे जुने ग्रंथकार वाग्भट, त्यांनी एक दाखला दिलाय. विषात जन्मलेल्या किड्याला ते विष बाधत नाही, तसा जन्माचा दोष त्या माणसाला मारत नाही, तो त्याचा स्वभाव होतो. म्हणून वात प्रकृती हा आजार नव्हे. एकेका दोषाच्या तीन, दोन-दोन दोषांच्या तीन आणि सम अशी एक, मिळून सात. निव्वळ एका दोषाची माणसं मला कमी भेटतात. बहुतेक सगळे द्वंद्वज, म्हणजे दोन दोषांचे. वाग्भट द्वंद्वज प्रकृतीला 'निंद्य' म्हणतात, ते वाचून पेशंट घाबरतात. त्याचा अर्थ माणूस वाईट असा नाही. दोन दोषांचे गुण एकमेकांच्या विरुद्ध ओढतात, एकाला शांत करायला जावं तर दुसरा उठतो, म्हणून सांभाळायला अवघड.

आता गफलत कुठे होते बघा. आपल्या मराठीत 'पित्त झालं' म्हणजे आंबट ढेकर. 'अंगावर पित्त उठलं' म्हणजे गांध्या. दोन्हीचा पित्त प्रकृतीशी थेट संबंध नाही. गांध्यांना ग्रंथात शीतपित्त म्हटलंय आणि तिथे सुरुवात गार वाऱ्यापासून होते. आधी कफ आणि वात बिघडतात, मग ते पित्ताला सोबत घेतात. आपल्या बेळगावात जून-जुलैच्या आडव्या पावसात भिजून आलेली मुलं अंग खाजवत येतात, आई आमसुलाचं पाणी लावते आणि सांगते, "हा फार पित्ताचा आहे हो." तो मुलगा अंगाने कफाचाही निघतो. तीच गत वाताची. पोटात वायू धरला की वात प्रकृती, गुडघा दुखला की वात प्रकृती. हे शब्द आपण घरात हजार वर्षं वापरून गुळगुळीत केलेत. वैद्याने ते पेशंटच्या तोंडून जसेच्या तसे उचलू नयेत.

मी काय विचारते? भूक ठरल्या वेळेला लागते का, आणि चुकली तर काय होतं. ज्याला कधी कडकडून लागते, कधी दिवसभर आठवण नाही, त्याचा अग्नी, म्हणजे पचनाची ताकद, विषम, तो वाताकडे. ज्याला उशीर झाला की डोकं दुखतं, घरच्यांवर आवाज चढतो, त्याचा तीक्ष्ण, तो पित्ताकडे. ज्याला उपास सहज निभतो त्याचा मंद, तो कफाकडे. मग कोठा. दूध-मनुकांनी ज्याचं पोट साफ होतं त्याचा मृदू, तो पित्ताचा. ज्याला एरंडेलाशिवाय भागत नाही त्याचा क्रूर, तो वाताचा. पण हेसुद्धा गेल्या महिन्याचं विचारत नाही. "लग्नाआधी कसं होतं? हॉस्टेलला होता तेव्हा कसं होतं?" असं विचारते. चरकांनी त्यांच्या ग्रंथातल्या विमानस्थान या भागात रोग्याची दहा अंगांनी परीक्षा सांगितलीय. त्यात प्रकृती हे एक आणि विकृती हे दुसरं, वेगवेगळी. शिवाय सार (शरीरातल्या धातूंचा कस), बांधा, प्रमाण (अंगाची मापं), सात्म्य (सवयीने मानवतं ते), सत्त्व (मनाची ताकद), आहाराची ताकद, व्यायामाची ताकद आणि वय. प्रकृती म्हणजे दहातलं एक पान.

निपाणीच्या ताई, वयाचा दोष वेगळा मोजावा लागतो. बालपण कफाचं, तारुण्य पित्ताचं, उतारवय वाताचं. दिवसाचंही तसंच, सकाळ कफाची, दुपार पित्ताची, संध्याकाळ वाताची. म्हणून साठीनंतर प्रत्येकातच वात दिसतो आणि पाच वर्षांचं प्रत्येक मूल गुटगुटीत, नाक वाहणारं म्हणून कफाचं वाटतं. सांगायला जुनं माणूस उरलं नसेल तर जे बदलत नाही ते बघायचं. हाडांचा सांगाडा, मनगटाची आणि बोटांची ठेवण, कपाळ, दातांची रांग, आवाजाची जात. आईंचा लग्नातला फोटो असेल तर काढा. तरुणपणी वखारीत त्या सगळ्यांच्या पुढे काम उरकायच्या की शेवटपर्यंत एका लयीत करायच्या, हे सोबतच्या बायकांना विचारा. त्या सांगतील.

वखारीपलीकडे, निपाणी

वैद्यताई, विचारलं! आईच्या सोबतीची एक मावशी अजून आहे. ती म्हणाली, "तुझी आई उन्हाची येळ झाली की लालबुंद. दुपारच्या सुट्टीची घंटा व्हायच्या आधी डबा उघडून बसायची. मुकादमाशी भांडायला हीच पुढं." आणि फोटोत चाळिशीच्या आतच कपाळाजवळ पांढरे केस. हे पित्त ना? आईला सांगितलं तर किती वर्षांनी मोठ्यांदा हसली. म्हणाली, भांडायची मी, हे खरं.

कृष्णाकाठचा मास्तर, चिकोडी तालुका

विज्ञान शिकवतो, त्यामुळे प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही. गैरसमज नसावा, विषयाबद्दल आस्था आहे म्हणूनच विचारतो.

तीन ठिकाणी तीन उत्तरं आली हे ताईंनी मोकळेपणाने लिहिलं. माझा प्रश्न असा, की तीन चांगल्या वैद्यांकडे गेल्या असत्या तर एकच उत्तर आलं असतं का? दोन वैद्य एकाच माणसाला स्वतंत्रपणे तपासून कितपत सहमत होतात, यावर अभ्यास झालेत आणि त्यात एकवाक्यता नेहमी चांगली निघालेली नाही. मोजमाप करणाऱ्यानुसार बदलत असेल तर त्यावर पुढचा इमला कसा चढवायचा?

दुसरी बाजूही मी वाचली आहे. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेणूंवर संशोधन करणाऱ्या संस्थेतल्या शास्त्रज्ञांचा सहभाग असलेला एक निबंध २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ३,४१६ निरोगी पुरुषांची प्रकृती तपासली. एक दोष स्पष्टपणे वरचढ आहे आणि त्याबद्दल खात्री आहे, अशी चाळणी लावून जनुकीय तपासणीला शेवटी घेतले २६२. त्यांच्यात ५२ ठिकाणी जनुकीय फरक सापडले आणि पीजीएम१ या जनुकाचा संबंध पित्त प्रकृतीशी दिसला. हे काम मला मोलाचं वाटतं. पण ३,४१६ मधून २६२ हा आकडा मी वर्गात फळ्यावर लिहिला होता. इतक्या तज्ज्ञ मंडळींनी इतकी चाळण लावली, आणि आपण दहा मिनिटांत फोनवर ठप्पा मारून घेतो. त्या ठप्प्यावर मुलाचं दूध बंद, नवऱ्याचं दही बंद! आपल्याच बेळगावात नेहरूनगरला पारंपरिक वैद्यकासाठी आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, राष्ट्रीय संस्था आहे. सीमाभागातल्या लोकांचा, त्यांच्या भाषेत विचारून, असा अभ्यास झाला तर मी पहिला नाव देईन.

आणि जांबोटीच्या ताईंच्या वैद्यबाईंनी रक्त तपासायला पाठवलं, याबद्दल त्यांना नमस्कार. नऊच्या खालचं हिमोग्लोबिन हे काही कुठल्या प्रकृतीचं लक्षण नव्हे.

वैद्य अनगोळ

मास्तर, तुमचा पहिला आक्षेप मान्य. आमच्यात एकवाक्यता कमी पडते, कारण शिकवण एक असली तरी विचारायची पद्धत प्रत्येकाची वेगळी. मी स्वतः पहिल्या भेटीत प्रकृती पेन्सिलने लिहिते. एक पावसाळा, एक उन्हाळा बघितला की पेनाने. कितीतरी वेळा खोडून बदललीय. जी वैद्य मंडळी एका बैठकीत टक्केवारीसकट सांगतात त्यांचं मला कळत नाही.

ठप्प्यावरून अन्न बंद करण्याबद्दल तुम्ही लिहिलंत ते तर सोन्यासारखं. वाढत्या मुलाचं जेवण प्रकृतीच्या नावाखाली तोडू नका. दही मात्र रात्री कुणीच खाऊ नये असं चरक सांगतात, तिथे प्रकृती विचारलेली नाही.

अथणीचा वारा

माझी शेती अथणी तालुक्यात, बायको खानापूर तालुक्यातली. एकाच जिल्ह्यातली दोन माणसं, पण दोन देशांतली म्हणा. कणकुंबीला एका जुलैत जेवढा पाऊस कोसळतो तेवढा आमच्याकडे अख्ख्या वर्षात पडत नाही. आमच्याकडे कडक ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, पुंडीची भाजी. तिच्याकडे उकडा तांदूळ, नाचणीची आंबील, नारळ, सोलं.

लग्न होऊन आली आणि पहिल्या उन्हाळ्यात तिची त्वचा सोलून निघाली, पोट दगडासारखं. सगळे म्हणाले हिची वात प्रकृती. सासरी नवी आलेली, ती बिचारी तेच धरून बसली, स्वतःला कमजोर समजायला लागली. माझी आजी तेव्हा होती. तिने वैद्य-बिद्य काही विचारलं नाही. भाकरीवर लोण्याचा गोळा वाढवला, रात्री तिच्यासाठी वेगळा मऊ भात ठेवला, आणि न्हायच्या आधी शेंगदाण्याचं तेल कोमट करून अंगाला लावायला बसली. म्हणाली, "रोप उपटून आणलंय, माती बदललीय, चार पानं गळणारच." दोन वर्षं लागली. आता ती माझ्यापेक्षा कडक भाकरी खाते.

वैद्यताई, हे प्रकृतीत धरायचं की मातीत?

वैद्य अनगोळ

दादा, तुमच्या आजींनी जे केलं त्याला आम्ही देश आणि सात्म्य म्हणतो. खानापूरचा जंगलपट्टा म्हणजे आनूप देश, पाणथळ, कफाकडे झुकलेला. अथणी जांगल, कोरडा, वाताकडे. कोरड्या मुलखात आलेल्या माणसात सुरुवातीला कोरडेपणा वाढणारच, त्याची प्रकृती कुठलीही असो. आणि जे सवयीने अंगी लागतं ते ओकसात्म्य. माणसाला बघायच्या आधी त्याचा गाव विचारावा, खाणं विचारावं, असं ग्रंथ सांगतात. 'चार पानं गळणारच' हे वाक्य मी माझ्या विद्यार्थिनींना सांगणार आहे.

शाहूनगरचा पिंट्या

मी २४ वर्षांचा. व्यायामशाळेत जातो. माझी कफ प्रकृती सांगितलीय. ती बदलून पित्त करता येईल का? आहार कोणता?

वैद्य अनगोळ

नाही. सुश्रुत स्पष्ट सांगतात, प्रकृती वाढत नाही, बदलत नाही, कमी होत नाही. ती पालटताना दिसली तर आयुष्य संपत आल्याचं लक्षण धरलंय. आणि बदलायची कशाला रे बाळा? कफाच्या माणसाला स्नायू टिकतात, दम टिकतो, सांधे घट्ट असतात. भरपूर व्यायाम तुलाच मानवणार. सकाळी लवकर उठ, दुपारची झोप सोड, गोड कमी कर. कुंदा सणाला खा.

वडगावचे अण्णा

मी यंत्रमागावर आयुष्य काढलेला माणूस. वय ७०. नातू टाइप करतोय, मी सांगतोय.

आमच्या लग्नाला ४६ वर्षं झाली. त्यातली ४६ वर्षं पंख्यावरून. मला घरात पाऊल टाकलं की पंखा लागतो. डिसेंबरातसुद्धा मी फरशीवर उघडा झोपतो. मागावर बसलो की घामाने रेशमाला डाग पडेल म्हणून मांडीवर एक पंचा, खांद्यावर एक. जेवण दहा मिनिटं उशिरा आलं तर हातातला धोटा खाली आपटायचो. हिचं उलटं. मार्च उजाडला तरी कानाला स्कार्फ. दोन माणसांच्या कांड्या एकटी भरायची, हात असे चालायचे की बघत राहावं, तोंडही तसंच चालायचं. पण जेवायचं भान नाही. एक दिवस चार भाकऱ्या, दुसऱ्या दिवशी चहावर. रात्री कूस बदलत राहायची आणि पंखा बंद करायची. मला घाम फुटून जाग यायची, मी परत लावायचो. मला वाटायचं ही मुद्दाम करते. तिला वाटायचं ह्यांना माझी काळजी नाही. यावरून अबोले झालेत, एकदा ती माहेरीही गेली होती.

दहा वर्षांपूर्वी शहापुरातल्या कंकणवाडी आयुर्वेद महाविद्यालयाच्या दवाखान्यात गुडघ्यासाठी हिला घेऊन गेलो होतो. तिथे शिकणारी एक मुलगी आमचं दोघांचं लिहून घेत होती. ती सहज म्हणाली, "आजोबा, तुम्ही पित्ताचे, आजी वाताच्या. तुम्हाला ऊन सोसत नाही, त्यांना गारठा सोसत नाही. दोघांचंही खरं आहे." एवढंच. मी बाहेर आल्यावर बाकावर बसलो आणि हिला म्हटलं, तुला खरंच थंडी वाजते काय गे? ती म्हणाली, मग मी ३६ वर्षं काय सांगते?

मी खाट खिडकीखाली ओढली. तिची आतल्या भिंतीला. मधे पडदा. पंखा माझ्या बाजूला टेबलावरचा. तेव्हापासून अबोला नाही.

हे औषधाचं नाही, तरी सांगावंसं वाटलं.

जांबोटीची लेक

अण्णा, तुमचं लिहिणं नवऱ्याला वाचून दाखवलं. आम्ही दोघं बराच वेळ काही बोललो नाही.

वैद्यताई, एक विचारायचं राहिलंय. मनाचं काय? माझ्या वैद्यबाई शेवटी म्हणाल्या की शरीराची प्रकृती एक आणि मनाची वेगळी. मला ते नीट कळलं नाही. मी कफाची, तर शांत असायला हवी ना? मग मुलीवर का खेकसत होते?

वैद्य अनगोळ

शरीराला वात-पित्त-कफ, मनाला सत्त्व-रज-तम. चरकांनी शारीरस्थानात मनाचे सोळा प्रकार वर्णन केलेत. सात सात्त्विक, सहा राजस, तीन तामस. नावंच किती बोलकी आहेत. ब्राह्म, आर्ष, ऐंद्र, याम्य, वारुण, कौबेर, गांधर्व हे सात्त्विक. राजसात सार्प आहे, म्हणजे सापासारखा, एरवी भित्रा पण डिवचला की शूर. तामसात वानस्पत्य, झाडासारखा, खाण्यापलीकडे ओढ नसलेला. ही माणसं रोज आपल्याभोवती दिसतात. कफाच्या देहात राजस मन असू शकतं, वाताच्या देहात सात्त्विक. त्यामुळे देहावरून स्वभावाचा निकाल लावू नये.

पण ताई, तुमचं खेकसणं मला स्वभावातलं वाटत नाही. चार महिने जागरण, त्यात घरातलं माणूस गेलं, वर रक्त कमी. अशा वेळी कुणाचाही धीर सुटतो. तुमच्या आईंनी सांगितलेली मुलगी रुसायची, ओरडायची नाही. ती तुमच्यातच आहे. रात्री दोनची जाग ही वाताच्या वेळेची. झोपायच्या आधी तळपायांना तूप किंवा तेल आणि गरम दूध, एवढं रक्ताच्या गोळ्यांबरोबर चालू ठेवा. रक्त दोन-तीन महिन्यांनी परत तपासा. झोप तरीही आली नाही, किंवा मन फारच खचल्यासारखं वाटलं, तर मानसोपचाराच्या डॉक्टरांनाही दाखवा. त्यात कमीपणा नाही.

कृष्णाकाठचा मास्तर, चिकोडी तालुका

वैद्यताई, एक सुचवू का? पालकसभेत मी दरवर्षी आरोग्याचं कार्ड भरून घेतो, उंची, वजन, लसी. त्यात मागच्या पानावर आई-आजीच्या शब्दांत मुलाचं वर्णन लिहून घ्यावं असं मनात आलंय. भूक कशी, झोप कशी, काय सोसत नाही. मराठी, कन्नड, उर्दू, घरात जी भाषा असेल तीत. कुठला दोष वगैरे काही लिहायचं नाही, नुसतं वर्णन. पुढे वीस वर्षांनी कुणा वैद्याला उपयोगी पडेल.

वैद्य अनगोळ

मास्तर, हे करा. नक्की करा. वर्णन लिहा, निदान लिहू नका, हीच त्यातली मेख आहे.

जांबोटीची लेक

मास्तर, मी कालपासून सुरू केलं. मुलगी नऊ वर्षांची आहे. शंभरपानी वही घेतली. आई चार दिवस राहायला आलीय, ती सांगते, मी लिहिते. पहिल्या पानावर आलंय ते असं:

'जन्मली तेव्हा केस विरळ, तपकिरी. दर दोन तासांनी दूध मागायची, मिळालं नाही तर लाल व्हायची. पहिलं पाऊल दहाव्या महिन्यात. आंबट आवडतं. घामाला वास. उन्हात खेळून आली की नाकातून रक्त, दोनदा. झोप मोजकी पण गाढ. कुणी खोटं बोललं की सहन होत नाही, बाईंनाही उलट बोलली होती. डाव्या गालावर दोन तीळ.'

मुलगी शेजारी बसून ऐकत होती. म्हणाली, "आई, तिसरा तीळ मानेवर आहे, तो पण लिही." तो लिहिला.